थांबा

"सर, वाका!"

गेली कित्येक वर्षं माझा दिवस या दोन शब्दांनी सुरू होतो. रेल्वेचं गेट पडलेलं असतं. मी पिशवी छातीशी धरून उभा असतो. तेवढ्यात कुठल्या तरी बॅचचा माजी विद्यार्थी पुढे येतो, एका हाताने गेटचा दांडा वीतभर वर रेटून धरतो आणि गुरूविषयीच्या सगळ्या आदराने म्हणतो, "सर, वाका!" आणि ज्याने एकोणतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, नागरिकांची कर्तव्ये हा धडा ज्याला झोपेतही म्हणता येतो, तो मी वाकतो.

दोष माझा नाही, प्लॉटचा आहे. 1994 साली हा प्लॉट घेतला तेव्हा एजंट म्हणाला होता, "सर, स्टेशन जवळ, वस्ती शांत, आणि दोन वर्षांत इथे रेल्वेवर पूल होऊन राह्यला." यातलं स्टेशन खरोखरच जवळ निघालं. बाकी दोन गोष्टींची मी अजून वाट पाहतोय. जळगावचे लोक आमच्या कॉलनीला 'गेटच्या पलीकडे' म्हणतात. आम्हीही जळगावला 'गेटच्या पलीकडे'च म्हणतो. बरोबरीचं नातं आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा मी हिशेब मांडला. नोकरीची 29 वर्षं, वर्षाचे 230 दिवस, दिवसातून दोन वेळा गेट, दर वेळी सरासरी 8 मिनिटं. उत्तर आलं 74 दिवस. चोवीस तासांचे, रात्रीसकट. मी ते मोठ्या तोऱ्यात सौभाग्यवतींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत माणूस पेटी वाजवायला शिकला असता." आणि कुकरची शिटी झाली म्हणून आत गेल्या.

गेट पडलं की माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो. मोटारसायकलवाला आधी दोन्ही बाजूंना बघतो. गाडी येतेय का हे बघायला नव्हे. ओळखीचं कुणी आहे का हे बघायला. मग स्कूटर, लुना, एम-एटी जे काही असेल ते अर्धवट आडवं करून, स्वतः त्याच्यावर झोपल्यासारखा होऊन, दांड्याखालून काढतो. ही कसरत त्याने योगासनाच्या वर्गात केली असती तर कंबर धरून दोन महिने निजला असता. रिक्षावाला रांगेच्या शेवटी कधीच थांबत नाही. तो उजवीकडून पुढे येऊन समोरच्या बाजूच्या रिक्षावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो. पानिपतावर सैन्यं अशीच उभी असावीत. गेट उघडलं की दोन्ही फौजा रुळांवर एकमेकींना भिडतात आणि मग कुणालाच कुठे जाता येत नाही. सावद्याकडून केळी भरून आलेला ट्रक मधे असला की संपलं. मे महिन्यात पारा 45 वर असतो, केळी ट्रकात पिकत असतात आणि आपण बाहेर.

आमचा गेटमन शांत माणूस आहे. इतकी वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन त्याला एक प्रकारची समाधी लागलेली आहे. एकदा मी त्याला विचारलं, "का हो, गाडी येण्याआधी पंधरा-पंधरा मिनिटं गेट का पाडून ठेवता?"

तो म्हणाला, "सर, मी तर पाच मिनिटं आधीच पाडू पाह्यतो. तुम्ही लोक पाडू देत नाही."

मग त्याने मला जे सांगितलं ते मी एकोणतीस वर्षांत कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. स्टेशन मास्तर फोन करतो. दोघं एकमेकांना खासगी नंबर देतात, वहीत लिहून घेतात. मग हा गेट पाडतो आणि त्याला कुलूप लावतो. ते कुलूप सिग्नलला जोडलेलं असतं. कुलूप नीट बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. आता दांड्याखालून सतरा मोटारसायकली आणि एक नागरिकशास्त्राचा शिक्षक जात असेल तर कुलूप बसायचं कसं? कुलूप नाही, म्हणून सिग्नल नाही. सिग्नल नाही, म्हणून गाडी बाहेर उभी. गाडी बाहेर उभी, म्हणून गेट आणखी दहा मिनिटं बंद.

"आणि त्या गाडीत," गेटमन म्हणाला, "तुमच्याच कॉलनीचे आप्पा बसेल असतात. घरी येऊन मलेच बोलतात, गाडी लेट का झाली म्हणून."

रुळाच्या कडेला एक पिवळी पाटी आहे. तिच्यावर 'सी/फा' असं लिहिलेलं आहे. ड्रायव्हरने सीटी वाजवावी, पुढे फाटक आहे, असा तिचा अर्थ. आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या दोन पिढ्या 'सी/फा म्हणजे सीताफळ' असं मानत मोठ्या झाल्या. पाटीजवळ सीताफळाचं झाड लावणार, अशी घोषणा एका उमेदवाराने केलीही होती. निवडून आला तो.

तर सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे रोज वाकणं चालू होतं, तोच जून महिना आला. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय लेव्हल क्रॉसिंग जागरूकता दिवस असतो हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सकाळी आठला भरताची वांगी घेऊन परतत होतो. गेट पडलेलं. एका विद्यार्थ्याने दांडा रेटला, "सर, वाका!" मी वाकलो. कंबर निम्मी खाली, डोकं पलीकडे, वांग्यांची पिशवी अलीकडे, अशा स्थितीत समोर काळे चकचकीत बूट दिसले. बुटांच्या वर खाकी पँट. त्याच्या वर जे तोंड होतं ते म्हणालं, "सर? तुम्ही?"

2009 ची बॅच. शेवटचा बाक. आता रेल्वे सुरक्षा दलात.

त्याच्या शेजारी काळे कपडे, डोक्यावर शिंगं आणि हातात गदा घेतलेला एक इसम उभा होता. क्षणभर मला वाटलं की मी गाडीखाली सापडलो आणि पुढची कार्यवाही सुरू झालेली आहे. पण तो पथनाट्यातला यम होता आणि त्याने मला नमस्कार केला. तोही माझाच विद्यार्थी निघाला.

"सर," रेल्वे सुरक्षा दल अवघडून म्हणालं, "कायदा सांगावा लागतो. रेल्वे अधिनियम 1989, कलम 147. रुळांवर असं शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

"आणि ज्याने दांडा उचलला त्याला?" मी विचारलं. गुरूने शिष्याची काळजी करायची असते.

"कलम 160. बंद गेट उघडलं तर तीन वर्षांपर्यंत. मोडलं तर पाच."

म्हणजे शिष्य माझ्या सहापट पुढे गेला होता. मला थोडा अभिमान वाटला. मागे वळून पाहिलं तर शिष्य पसार.

सुदैवाने त्या दिवशी शिक्षा करायची नव्हती, जागृती करायची होती. वाकून आलेल्या प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल द्यायचं आणि 'मी यापुढे बंद गेटखालून जाणार नाही' अशी शपथ द्यायची, असा कार्यक्रम होता. मला फूल मिळालं. मी शपथ घेतली. साहेब आले, हस्तांदोलन झालं, यमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. खाली ओळ होती: 'रेल्वे सुरक्षा कार्यक्रमात मान्यवरांसमवेत ज्येष्ठ शिक्षक.'

इथे घोटाळा झाला.

संध्याकाळपर्यंत कॉलनीने ठरवून टाकलं की मला रेल्वेच्या सल्लागार समितीवर घेतलं. अशी समिती असते खरी. प्रत्येक रेल्वे विभागात, आपल्याकडे भुसावळला, प्रवाशांचे, व्यापाऱ्यांचे, ग्राहकांचे प्रतिनिधी घेऊन ती दोन-दोन वर्षांसाठी नेमतात. जनतेचं म्हणणं रेल्वेपर्यंत पोहोचावं हा हेतू. मी सांगत होतो, "अहो, मला पकडलं होतं." लोक म्हणत होते, "सरांचा स्वभावच साधा." तिसऱ्या दिवशी आप्पांनी पेढे आणले. पेढे खाल्ल्यावर नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

मी एक शंभर पानी वही घेतली. वर लिहिलं, 'रेल्वे सुरक्षेविषयी नागरिकांच्या सूचना'. पहिला प्रश्न असा आला की सूचना पाठवायच्या कुणाला. जळगावहून भुसावळकडे जाणारी लाइन मध्य रेल्वेची, सुरतेकडे जाणारी पश्चिम रेल्वेची. आपलं गेट यातल्या कुणाच्या अखत्यारीत येतं, यावर मारुतीच्या पारावर दोन तास चर्चा झाली. ज्याचं घर ज्या लाइनजवळ त्याने त्या लाइनची बाजू घेतली. गेटमन पंचवीस पावलांवर होता. त्याला विचारावं असं कुणालाही सुचलं नाही. मलाही घरी येऊन हातपाय धुताना सुचलं.

मग सूचना येऊ लागल्या. पहिली सूचना आप्पांची. 'अमुक एक्सप्रेसला आमच्या गावी थांबा द्यावा.'

मी म्हटलं, "आप्पा, ही सुरक्षेची वही आहे."

"मंग? गाडी उभी असली म्हंजे अपघात होईल का? उभ्या गाडीइतकी सुरक्षित गाडी नाही, सर."

तर्काला उत्तर नव्हतं. लिहून घेतली. दुसरी सूचना पाचोऱ्याच्या मामांची, थांबा. तिसरी चाळीसगावच्या मेहुण्याची, थांबा, आणि सोबत म्हसावदचा एक जादा. अमळनेर, धरणगाव, नरडाणा, दोंडाईचा, सगळीकडून थांबेच थांबे. एका सद्गृहस्थाने राजधानीला त्यांच्या शेताजवळ अर्ध्या मिनिटाचा थांबा मागितला. "फक्त दूध उतरवायचं आहे." बासष्ट सूचना झाल्या तेव्हा मी मोजलं. चोपन्न थांब्याच्या. पाच वेटिंग तिकिटाच्या. दोन चहाच्या. एक माझ्या अक्षराविषयी.

थांबा सगळ्यांना हवा होता. गेटवर मात्र कुणीही थांबायला तयार नव्हतं.

मधल्या काळात धुळ्याला व्याह्यांकडे जावं लागलं. जळगाव ते धुळे रेल्वेने जायचं तर चाळीसगावला उतरायचं, गाडी बदलायची आणि मग शाखेच्या गाडीने मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर करत जायचं. म्हणून शहाणा माणूस एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने जातो. मीही एसटीनेच गेलो. रेल्वेच्या समितीवर गेलेला माणूस एसटीतून उतरलेला बघून नाना व्याही खूश झाले.

"या, या! तुमना गेट पडेलच शे का अजून?"

नानांचं शेत शिंदखेडा तालुक्यात. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. 309 किलोमीटर, खर्च 18 हजार 36 कोटी. मालेगाव, धुळे, शिरपूर करत तो मार्ग वर इंदूरला जायचा आहे. नानांच्या वडिलांनी या मार्गाची वाट पाहिली, नाना पाहताहेत. खानदेशात घराण्यातली वाट पाहणंही वारसाहक्काने उतरतं. तर जमीन घ्यायची म्हटली की आधी अधिसूचना निघते आणि ज्याची जमीन जाते त्याला तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते, सुनावणी होते. कायद्यात तसं कलमच आहे. नानांनी हरकत घेतली होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बापजाद्यांची जमीन जाते म्हणजे..."

"नही ना! मनी जमीन जातच नही, हाई मनी हरकत शे," नाना उसळले. "त्या शेजारना बांधवरथून लाइन वळी गयी. मना वावरमाईन काब्र जात नही? त्याले मोबदला, माले फक्त भोंग्याना आवाज?"

सुनावणीत साहेबांनी नानांचा अर्ज तीनदा वाचला म्हणे. जमीन घेऊ नका, असे अर्ज त्यांनी गठ्ठ्याने पाहिले होते. घ्याच, असा हा पहिला होता.

जेवणात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळे मला ज्ञान पाजळायचा जोर आला. मी नानांना सांगू लागलो की रेल्वेच्या सुरक्षेवर देखरेख रेल्वे स्वतः करत नाही. त्यासाठी रेल्वे सुरक्षा आयोग आहे, त्याचं मुख्यालय लखनौला. नवी लाइन टाकली की आयुक्त येऊन ती तपासतात, पुलावर उतरतात, गाडी जोरात पळवून बघतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय प्रवासी गाडी सोडता येत नाही. मोठा अपघात झाला तर चौकशीही तेच करतात. आणि हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. 1941 पासून तो रेल्वे बोर्डापासून वेगळा आहे आणि 1967 पासून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे.

नानांचा घास हातातच राहिला. "इमानवाला रेल्वे तपासतस?"

"हो. पेपर लिहिणाऱ्यानेच पेपर तपासायचा नाही, हे तत्त्व."

"मंग इमान कोन तपासस? यष्टीवाला?"

मी भाकरीकडे लक्ष दिलं.

या आयोगाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. चौकशी असली की पेपरात जाहीर सूचना देतात: ज्यांना या घटनेविषयी काही माहिती असेल त्यांनी अमुक ठिकाणी, अमुक वेळी येऊन सांगावं. कुणीही जाऊ शकतं. लोकशाहीत एवढं सरळ निमंत्रण फार कमी वेळा मिळतं. आमच्या आप्पांना अपघाताविषयी काही माहिती नसते, पण रेल्वेविषयी मत असतं. एका अशा जाहीर सूचनेवरून ते बाहेर पडलेही होते, थांब्याचा अर्ज घेऊन. वाटेत गेट पडलेलं होतं म्हणून वेळ टळली.

एकदाच आमच्या गेटवर कुणाला विनोद सुचला नव्हता. 22 जानेवारी 2025. पाचोऱ्याच्या अलीकडे, परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, माणसं भीतीने उतरली ती शेजारच्या रुळावर, आणि त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. ती संध्याकाळ अन् त्यानंतरचे काही दिवस आमच्या गेटवर कुणी वाकलं नाही. दांडा पडला की लोक गाड्या बंद करून गप्प उभे राहायचे. गेटमनला ते इतकं नवीन होतं की तो दोनदा बाहेर येऊन बघून गेला. आठव्या की नवव्या दिवशी एक दूधवाला म्हणाला, "दूध नासंल ना भो," आणि वाकला. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे, सांगायला लाज वाटते, मी.

पुलाचं गाडं मात्र मधूनच पुढे सरकलं. एक माणूस वही आणि पाण्याची बाटली घेऊन गेटजवळ खुर्ची टाकून बसलेला दिसला. तो वाहनं मोजत होता. रेल्वेत याचं एक गणित असतं. दिवसभरात जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. हा गुणाकार एक लाख झाला की तिथे पूल बांधावा आणि खर्च रेल्वेने आणि राज्याने वाटून घ्यावा, असा जुना शिरस्ता. समजा दिवसाला 100 गाड्या, तर 1000 वाहनं पुरेत. त्यातही वाहनांचे भाव ठरलेले आहेत. ट्रक एक. मोटार एक. बैलगाडी एक. रिक्षा अर्धी.

रिक्षा अर्धी, हे कळल्यावर स्टँडवर निषेध सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही आठ माणसं बसवतो, अन् आम्ही अर्धे?" हे वाहतूक पोलिसाच्या कानावर गेल्यावर सभा लगेच संपली.

पण बैलगाडीला पूर्ण एक! कॉलनीच्या डोक्यात प्रकाश पडला. बैलगाडीला डिझेल लागत नाही, पीयूसी लागत नाही, आणि गणितात ती ट्रकाच्या बरोबरीची. ठराव झाला की मोजणी चालू आहे तोवर आसोद्याहून दोन बैलगाड्या आणायच्या आणि दिवसभर गेटवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवायच्या. गाडीवान म्हणाला फेरीला वीस रुपये. पहिल्या दिवशी नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या फेरीला एक बैल बरोबर रुळांच्या मधोमध उभा राहिला आणि पुढे सरकेना. तो गेटमनकडे बघत होता, गेटमन त्याच्याकडे. मोजणारा माणूस पेन वर धरून बसला. अर्धी लिहायची की पूर्ण, त्याला कळेना. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी गेटमन उठला, बैलाच्या कानात काहीतरी बोलला आणि बैल शहाण्यासारखा चालू लागला. काय सांगितलं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, "सर, वाका" हे नसावं.

मोजणाऱ्याने जाताना मला हळूच विचारलं, "सर, ही तीच गाडी आहे ना सकाळपासून?" मी नागरिकशास्त्राचा शिक्षक. मी आकाशाकडे बघितलं.

गेटं काढून टाकावीत, हे आमच्या आधी फार मोठ्या माणसांनी सांगून ठेवलंय. अनिल काकोडकरांच्या समितीने 2012 साली अहवाल दिला. त्यात होतं, देशातली सगळी फाटकं पाच वर्षांत काढा, साधारण 50 हजार कोटी लागतील. आणि सुरक्षेसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. माणूस नसलेली ब्रॉडगेजवरची फाटकं 2019 च्या जानेवारीअखेर संपलीही. माणूस असलेली राहिली. मी पारावर हे वाचून दाखवलं. शांतता पसरली. मग कॉलनीतले तात्या म्हणाले, "50 हजार कोटी सगळ्या देशाचे. आपल्या एका गेटचे किती येतील? वर्गणी काढू."

वर्गणी 1,740 रुपये जमली. त्यातून बैलगाडीची उधारी गेली, उरलेल्यात माइक आणि सतरंज्या भाड्याने आल्या. कारण रेल्वेचे कुणी साहेब गेटची पाहणी करायला येणार आणि नागरिकांच्या सूचनाही ऐकून घेणार, अशी बातमी पक्की झाली होती. सभा मारुतीच्या पारावर, म्हणजे गेटच्या आमच्या बाजूला. माइक तात्यांकडे. हार आप्पांकडे. बासष्ट सूचनांची वही माझ्याकडे. पेढे, बँड आणि फटाक्याची एक माळ ऐनवेळी कुणीतरी आणली.

साहेबांची जीप समोरून आली. आणि गेट पडलं.

जीप पलीकडे उभी राहिली. साहेब नियमाने वागणारे निघाले. खाली उतरून हात मागे बांधून उभे राहिले. आमच्यात कुजबुज सुरू झाली. पाहुणा पलीकडे ताटकळतोय आणि आपण इथे उभे, हे खानदेशाला शोभतं का? आप्पांनी हार पुढे धरला. एका विद्यार्थ्याने दांड्याला हात घातला. मालगाडी धडधडत आली, पन्नास-साठ डबे, संपता संपेना. संपली. शेवटच्या डब्याचा दिवा दूर गेला आणि आप्पा म्हणाले, "गेली. चला!"

मी शपथ घेतलेला माणूस. मी जागेवरच होतो. पण माझ्या मागून स्वागत समिती आली, हार आला, बँडवाल्यांचा ढोल आला, आणि मी त्या रेट्यात दांड्यापर्यंत गेलो. "सर, वाका!" मी नुसता वाकलो, तेवढ्यात गेटमन खोपटातून लाल बावटा घेऊन धावत बाहेर आला. दुसऱ्या लाइनवरून दुसरी गाडी येत होती. तो दोन्ही हात पसरून, आम्हाला अडवत, छाती फुटेल इतक्या जोराने ओरडला:

"थांबा! थांबा!"

सगळे जिथल्या तिथे गोठले. आप्पांचा हार हवेत. पलीकडे साहेबांनी डोळे मिटून घेतलेले. समोरून एक्सप्रेस वाऱ्यासारखी निघाली.

आणि मागे पारावर, जिथून गेट दिसत नाही पण ऐकू सगळं येतं, तिथे तात्यांच्या हातातला माइक कडाडला, "बंधू-भगिनींनो! मिळाला! थांबा मिळाला!" बँडचे उरलेले दोघे वाजवायला लागले. माळ फुटली. पेढे वाटले जाऊ लागले.

गेटमनने श्वास घेतला. घाम पुसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी अजून वाकलेलाच होतो.

"सर, काय मिळालं म्हणे?"

"थांबा," मी म्हणालो.

"मग थांबा ना," तो म्हणाला आणि बावटा गुंडाळत आत गेला. त्याचा फोन वाजत होता.